विशाल कोन आणि कडांचा अंधार

छायाचित्रणाचा छंद असणारा मनुष्य वाइड-अँगल भिंग घेतो, तेव्हा त्यापुढे कोणता फिल्टर लावावा हा प्रश्न लवकरच उभा राहतो. या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा रंजक आहे.

बर्लिनच्या गोर्झ कारखान्यासाठी एमिल फॉन ह्योघ यांनी 1900 साली ‘हायपरगॉन’ हे भिंग रचले. काचेच्या दोन खोलगट वाट्या समोरासमोर ठेवलेल्या, जणू पोकळ गोलच. सुमारे 135 अंशांचा देखावा त्यातून काचपट्टीवर उतरे. पण मध्यभाग उजळ आणि कडा काळवंडलेल्या, अशी प्रतिमेची अवस्था होई. याचे कारण भिंगाची सदोष घडण नव्हे, तर प्रकाशाचा स्वभाव. तिरप्या किरणांचा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. मध्यापासून 45 अंशांवर तो एक चतुर्थांश उरतो, 60 अंशांवर अवघा सोळावा हिस्सा.

यावर गोर्झने योजलेला उपाय आज वाचताना हसू येते, पण तो अचूक होता. भिंगापुढे तारकेच्या आकाराचे एक चिमुकले चक्र बसविलेले असे. रबरी फुग्याने हवा सोडली की ते गरगर फिरे, मध्यावरचा प्रकाश अडवी आणि कडांचा जाऊ देई. एक्स्पोजरचा बराचसा काळ ते फिरवून अखेरीस थोडा वेळ बाजूला करावे लागे. नाहीतर मध्यभागच काळा राहता! माझ्या मते वाइड-अँगल भिंगाचा पहिला खरा फिल्टर तो हाच, जरी त्यात काच नव्हती.

पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल रुसिनोव यांनी 1946 च्या सुमारास भिंगाची रचनाच बदलली. बाहेरच्या खोल भिंगांमुळे तिरके पाहिले असता प्रकाशाचे द्वार मोठे भासू लागले आणि कडांचा तोटा कमी झाला. तरी तो संपला नाही. झाइसच्या 1969 सालच्या 15 मिलिमीटरच्या ‘होलोगॉन’ला 110 अंशांच्या कोनासाठी मध्यभागी काळसर, कडांकडे निर्मळ होत जाणारा फिल्टर द्यावाच लागला. त्याची किंमत मात्र प्रकाशातच मोजावी लागे: मूळचे एफ/8 चे भिंग व्यवहारात एफ/16 चे होई.

हवाई मोजणीच्या कॅमेऱ्यांत याच जातीचा फिल्टर नित्याचा झाला. कृष्णधवल फिल्मच्या काळात तो बहुधा पिवळ्या काचेवरच चढविलेला असे, म्हणजे वातावरणातील निळसर धुरकटपणाही त्याच काचेने कापला जाई. शासकीय सेवेत असताना अशा छायाचित्रांवरून केलेले नकाशे मी पुष्कळ हाताळले. तेथे हा प्रश्न सौंदर्याचा नव्हता. छायाचित्राच्या कडेला ज्याचे शेत पडले, त्याचा बांधही मध्यावरच्या बांधाइतकाच स्पष्ट दिसणे आवश्यक होते.

हौशी मंडळी मात्र बहुधा प्रथम पोलरायझर उचलतात, आणि रुंद भिंगावर तोच सर्वांत फसवा. आकाशाचा प्रकाश ध्रुवित असतो हे आरागो यांनी 1809 मध्येच दाखविले होते. हे ध्रुवीकरण सूर्यापासून 90 अंशांवर सर्वाधिक असते. साध्या भिंगात त्या पट्ट्याचा एखादा तुकडाच येतो, म्हणून आकाश सारखे गडद वाटते. 20 मिलिमीटरच्या भिंगात मात्र आकाशाचा इतका विस्तार मावतो की मधोमध गर्द निळा डाग आणि दोहों बाजूंस फिकट आकाश दिसते. पाणी वा ओली पाने यांची चकाकी घालविण्यास तो ठीक, आकाशासाठी टाळावा. फिल्टरची कडीही पातळ असावी, कारण दोन जाड कड्या एकावर एक चढविल्या की कोपरे कापले जातात.

डिजिटल कॅमेरा आल्यापासून कडा उजळण्याचे काम संगणक करतो. परंतु तो कडांवर पोहोचलेला अपुरा प्रकाशच वाढवून दाखवितो, आणि त्यासोबत तेथील कणीदारपणाही वाढतो. म्हणूनच मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांवर वास्तूंची छायाचित्रे घेणारे काही जण मध्यभागी काळसर असलेली ती महागडी काच अजूनही वापरतात.