मूस, केकी

मूस, केकी : (२ ऑक्टोबर १९१२ – ३१ डिसेंबर १९८९). खानदेशातील चाळीसगाव येथे कलासाधना केलेले भारतीय छायाचित्रकार व चित्रकार. पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस.

जन्म मुंबईच्या पारशी कुटुंबात. आईवडिलांचे वास्तव्य तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील चाळीसगाव या तालुक्याच्या ठिकाणी होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी इंग्लंडात व्यावसायिक कलेचा अभ्यासक्रम पुरा केला. आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वदेशी परतल्यावर, जेथून धुळ्याचा शाखामार्ग फुटतो त्या चाळीसगाव स्थानकाजवळील बंगल्यात जे स्थिरावले, ते पुढील सुमारे पाच दशके क्वचितच उंबरठ्याबाहेर पडले.

त्यांची कीर्ती मुख्यत्वे मेजावरील छायाचित्रणामुळे आहे (पहा : छायाचित्रणकला). या प्रकारात मेजावर क्षुल्लक घरगुती वस्तूंची मांडणी करून विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास निर्माण केला जातो. कॅमेऱ्याचे भिंग मेजाच्या पातळीस आणून त्याचे छिद्र लहान ठेवले व प्रकाश एकाच बाजूने सोडला, म्हणजे जवळचे व दूरचे सारखेच रेखीव उमटते, छाया लांबतात आणि वितीएवढ्या वस्तूचे खरे परिमाण प्रेक्षकास उमगत नाही. घराबाहेर न पडणाऱ्या कलावंतास याहून अनुरूप माध्यम क्वचितच लाभले असते. व्यक्तिचित्रणातही त्यांचा छायाप्रकाशाचा विचार चित्रकाराचाच आहे (पहा : रेम्ब्रांट). शिल्प, काष्ठकाम, कागदाच्या घड्यांची जपानी कला (पहा : ओरिगामी) व सतारवादन यांतही त्यांना गती होती.

त्यांचे निवासस्थान आता त्यांच्या कलाकृतींचे संग्रहालय आहे (पहा : चाळीसगाव).