थंड जमिनीच्या शोधात

पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक ढकलपत्र फिरत होतं. 'जगातली अजब माणसं' अशा काहीतरी मथळ्याचं. त्यात खालच्या ओठात बशीएवढी मातीची चकती घातलेल्या एका बाईचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'सुरी जमात, इथिओपिया'. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मी ते सगळ्या नातेवाइकांना पुढे ढकललं. बाकीच्यांनी बघून सोडून दिलं. काकूने मात्र उलट विचारलं, "अरे, पण ही बाई स्वतःला काय म्हणवते?"

मला काय ठाऊक! पुढे वाचत गेलो आणि कळलं, की प्रश्न साधा नव्हता.

'सुरी' हे मुळात एका जमातीचं नाव नाहीच. नैर्ऋत्य इथिओपियात, ओमो नदीच्या पश्चिमेला, दक्षिण सुदानच्या सीमेलगत राहणाऱ्या तिरमा, चाई आणि बाले या तीन गटांना मिळून हे नाव वापरतात. तिरमा आणि चाई यांची बोली जवळजवळ एकच. बालेंची भाषा मात्र वेगळी, तरी तेही सुरीच. उलट नदीच्या पूर्वेला मुर्सी राहतात. त्यांचं बोलणं चाईंना सहज समजतं, ओठातली चकती दोघांकडे, काठ्यांच्या झुंजी दोघांकडे. पण मुर्सी 'सुरी' नव्हेत. आणि 'मुर्सी' हेही बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला 'मुन' म्हणतात, एकटा माणूस असेल तर 'मुनी'. (आपल्या ऋषिमुनींशी याचा काही संबंध नाही!)

म्हणजे भाषा वेगळी ते एका नावाखाली आणि भाषा एक ते दोन नावांखाली. असं का झालं असावं?

डेव्हिड टर्टन नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ 1960 च्या दशकाअखेरपासून मुर्सींकडे जात राहिले. मुर्सी आपला इतिहास कसा सांगतात, ते त्यांनी नोंदवलं. तो इतिहास राजांचा नाही, चालण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्वजांनी पश्चिमेकडून ओमो ओलांडली. मग विसाव्या शतकात ते उत्तरेकडे सरकले. दुष्काळानंतर 1979 च्या सुमारास काही कुटुंबं मागो नदीच्या खोऱ्यात गेली. दर वेळी कारण एकच सांगतात : 'थंड जागे'चा शोध. थंड म्हणजे जिथे गुरांना चारा-पाणी आहे आणि ज्वारी पिकते.

टर्टन यांचं म्हणणं मला फार पटलं. आधी 'मुर्सी' नावाचे लोक होते आणि मग ते चालत निघाले, असं झालं नाही. चालता चालता, नदी ओलांडता ओलांडता, ते मुर्सी झाले. जे पलीकडे राहिले ते पुढे दुसऱ्या नावाने ओळखले गेले.

या चालण्यात सोबत असायची ती गुरं. मुर्सींच्या भाषेत रंगांची नावं म्हणजे गुरांच्या अंगावरच्या रंगांची आणि ठिपक्यापट्ट्यांची नावं. आपण रंगावरून बैलाला ढवळ्या म्हणतो; तिथे बैलावरून रंग ओळखतात. लग्नात देज द्यायचं तेही गुरांचं.

आता चकतीचं. चकती जितकी मोठी तितकं देज जास्त, असं त्या ढकलपत्रात ठोकून दिलं होतं. पण मुर्सींकडे पुष्कळदा लग्न आणि गुरांचा आकडा ओठ कापण्याआधीच ठरलेला असतो. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीचा ओठ कापतात आणि भोक किती वाढवायचं ते बरंचसं तीच ठरवते. चकती चोवीस तास घालत नाहीत. नवऱ्याला जेवण वाढताना, गाई दोहताना, समारंभात घालतात. म्हणजे त्यात मानमर्यादेचा भाग मोठा. पर्यटक येतात तेव्हा मात्र पैसे घेऊन फोटोसाठी नटणं होतं, आणि तेच चित्र जगभर जातं.

त्या चित्रात मावत नाही ते वेगळंच. 1980 च्या दशकात सुदानच्या यादवीतून स्वयंचलित बंदुका या भागात आल्या. 1987 साली न्यांगातोम लोकांच्या एका हल्ल्यात शेकडो मुर्सी मारले गेले. चाईंनाही दक्षिणेची कुरणं सोडून उत्तरेला डिझी शेतकऱ्यांच्या जमिनीकडे सरकावं लागलं. जुने शेजारी एकमेकांचे वैरी झाले. इकडे राष्ट्रीय उद्यानं आली, उसाचे मळे आले. 2016 साली गिबे-3 धरणाचं उद्घाटन झालं. ओमोचा पूर ओसरला की काठच्या ओल्या गाळात ज्वारी पेरायची, ही मुर्सींची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. धरणाने तो पूरच अडवला.

जे लोक चालून घडले, त्यांना चालायला आता जागा उरली नाही. थंड जमीन शोधायची तरी कुठे? मला वाटतं, त्यांच्या ओळखीवरचं खरं संकट हे आहे. चकती राहते की जाते, हा त्यापुढे लहान प्रश्न.

तर काकू, उत्तर असं : ती बाई चाई असेल, तिरमा असेल, कदाचित नदीपलीकडची मुनीही असेल. फोटोवरून सांगता येत नाही. तिलाच विचारायला हवं होतं, आणि फोटो काढणाऱ्याने बहुधा ते विचारलं नाही. मीही न विचारता पुढे ढकललं. ज्यांना ज्यांना तेव्हा ते पत्र पाठवलं होतं, त्या सगळ्यांना आज हे पाठवतो आहे.