ठरावीक पाच सेकंद

सकाळी 9:30, चिंचवड. दुपारी साडेतीनला चाकण एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात चाचणी आहे. गेटवर प्रत्येक बिनचा बारकोड स्कॅन करायचा, पडद्यावर चलन आलं की माल गाडीत चढवायचा. सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही एकाच मॅकबुकवर. आदल्या संध्याकाळी साइटचं नाव डिस्पॅच.लोकल ठेवलं, होस्ट्स फाइलमध्ये त्यासाठी 127.0.0.1 लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक पान रखडतंय.

10:30. संशय डेटाबेसवर. इंडेक्स वाढवले. लॉग सांगतोय, क्वेरी काही मिलिसेकंदांत संपते. पान मात्र पाच सेकंदांनीच उघडतंय.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. कामाचा भार असेल तर वेळ कमी-जास्त होतो. रिकामं पानही बरोबर तेवढाच वेळ खात असेल, तर यंत्र काम करत नाही, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहतंय. टीममधल्या हुशार मुलांनाही हे घाईत सुचलं नाही, याची हळहळ वाटते.

12:00. अपाची पुन्हा सुरू केलं, कॅशे साफ केली, पीएचपीची मेमरी वाढवली. शेवटी लॅपटॉपच बदलला. नव्या मॅकवर होस्ट्स फाइल मात्र जुनीच उतरवली.

1:30. भोसरी, मोशी मागे पडली. तळेगाव चौकात कंटेनरची रांग.

3:30. डॉकवर गाडी लागलेली. पहिला बिन स्कॅन झाला. लोडर बिन हातात धरून उभा.

"अडकलं का हो?"

"नाही साहेब, येतंय."

चलन आलं. दुसरा बिन, पुन्हा तेच. मागे बिनची रांग लागली, ड्रायव्हरने हॉर्न दिला.

3:50. सुपरवायझरने रजिस्टर मागवलं. "हे बघा, मला गाडी सोडायचीय. तिकडे लाइन थांबली तर जबाब मला द्यावा लागेल." चाचणी बंद.

4:30, कँटीन. एकाने कर्ल चालवून वेळेची फोड काढली: नाव शोधायलाच पाच सेकंद, बाकी सगळं नगण्य. नावाऐवजी थेट 127.0.0.1 टाकलं, पान झटक्यात उघडलं.

.लोकल ही शेपटी फेब्रुवारी 2013च्या आरएफसी 6762ने मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवली आहे. होस्ट्स फाइलमध्ये फक्त आयपीव्ही4चा पत्ता होता. त्यामुळे मॅक आयपीव्ही6चा पत्ता नेटवर्कभर, 5353 पोर्टवर विचारत राहिला. उत्तर देणारं कुणीच नव्हतं, म्हणून मुदत संपेपर्यंत थांबला. त्याच नावापुढे ::1ची एक ओळ वाढवली असती तरी भागलं असतं. त्याहून बरं म्हणजे .टेस्ट वापरणं, ती शेपटी जून 1999च्या आरएफसी 2606पासून अशा कामांसाठीच राखीव आहे.

5:00. नाव बदललं, स्कॅन करताच चलन यायला लागलं. मुलं लॅपटॉप घेऊन डॉकवर धावली. गाडी गेली होती, आणि कारखान्याने पुढची तारीख द्यायला नकार दिला.