डॉक्टर बेंबळीपर्यंत कसा पोहोचतो?

बेंबळी (जि. धाराशिव) - रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली, बाळंतिणीची गुंतागुंत झाली, की या जिल्ह्यात वर्षानुवर्षे एकच वाक्य कानी पडत आले आहे : "सोलापूरला हलवा." धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गावही त्याला अपवाद नाही. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये, तर लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. धाराशिव जिल्हा मात्र तिन्ही बाजूंच्या महाविद्यालयांकडे रुग्ण पाठवीत राहिला. जिल्ह्यासाठी १०० विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आणि ४३० खाटांचे संलग्न रुग्णालय यांना राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने पहिली तुकडी दाखल झाली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, उस्मानाबादचे धाराशिव झाले.

महाविद्यालय आले म्हणजे डॉक्टर आले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. महाविद्यालयामुळे विशेषज्ञ आणि खाटा जिल्ह्याच्या ठिकाणी वाढतात, हा लाभ मोठा आणि लगेच दिसणारा. तेथून पुढे बेंबळीच्या सरकारी दवाखान्यातील खुर्चीपर्यंतचे अंतर मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट प्रवेशाची. धाराशिवचे महाविद्यालय धाराशिवच्या मुलांसाठी राखीव नाही. राज्यात २०२० पर्यंत ७०:३० हे सूत्र होते. म्हणजे विभागातील ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना आणि उरलेल्या ३० टक्के सर्वांना. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने हे सूत्र येथील विद्यार्थ्यांवर अन्याय करते, अशी जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. आता शासकीय महाविद्यालयातील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. त्यामुळे दहावीनंतर 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणीत दोन वर्षे घालविलेला बेंबळीचा मुलगा मुंबईला जाऊ शकतो आणि पुण्याची मुलगी धाराशिवला येऊ शकते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण "आपल्या भागातला डॉक्टर आपल्या भागात राहील" ही आशा त्यातून आपोआप पुरी होत नाही.

मग गाव त्याला दिसणार केव्हा? एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पूर्वी पहिले वर्ष शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्रातच बुडून जाई. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम लागू केला. त्यानुसार पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातील काही कुटुंबे सोपविली जातात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर यांच्या तपासण्या, लसीकरणाची नोंद, घरातील पाणी व शौचालयाची पाहणी ही कामे त्याने वर्षागणिक त्याच घरी जाऊन करावयाची आहेत.

कल्पना नवी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये महाविद्यालय सुरू केले, तेव्हापासून नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात आणि पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथे शिबिर करते. देशभरातील महाविद्यालयांना जे आता नियमाने करावे लागते, ते तेथे रीत म्हणून रुजले आहे. नियम आणि रीत यांत फरक पडतो तो सोबत जाणाऱ्या शिक्षकामुळे. वहीत सही घेण्यापुरती भेट झाली, तर कुटुंबालाही ते लगेच कळते.

जिल्ह्यातच याहून जवळचे उदाहरण आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दाम्पत्याने हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले. 'हॅलो' हे 'हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन'चे लघुरूप. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आपले शिक्षण आपणच शोधावे, ही त्यामागील धारणा नावातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त केला, तो याच टापूत. संस्थेने गावोगावच्या, बऱ्याचदा अल्पशिक्षित, महिलांना प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' घडविल्या. जुलाब, ताप, गर्भवतीची काळजी ही कामे त्या करू लागल्या, तेव्हा 'आशा' हा शब्दही शासनाच्या कोशात नव्हता. ती योजना २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. येथे डॉक्टरांनी गावात येऊन शिकविले आणि शिकलेही. सुटीत दोन-तीन दिवस शिबिर करून परतणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा मिळत नाही. औषधे संपतात, रुग्ण मात्र दुसऱ्या दिवशीही असतोच.

आंतरवासितेत जनवैद्यकशास्त्राचे बारा आठवडे असतात आणि त्यांत ग्रामीण केंद्रावर राहणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात हाच काळ अनेकांच्या दृष्टीने पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीचा असतो. त्यांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. केवळ एमबीबीएसवर थांबलेल्या डॉक्टरला शहरातील रुग्णालये आणि समाज काय मान देतात, हे घरोघरी ठाऊक आहे.

शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण होणाऱ्यास एक वर्षाची शासकीय सेवा बंधपत्राने बंधनकारक असते. अनेक वर्षे ती टाळणाऱ्यास दहा लाख रुपये दंडाची तरतूद होती आणि ऐपत असलेल्यांनी ती रक्कम भरून सुटका करून घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत. सेवा पत्करणाऱ्यांपुढची अडचण वेगळी असते. निवासस्थान गळके, परिचारिकेची जागा रिकामी, प्रयोगशाळा दुपारनंतर बंद आणि नेमणूक वर्षभरापुरतीच. गावाला डॉक्टरचे नाव पाठ होईपर्यंत तो निघालेला असतो. जो राहू इच्छितो, त्याला शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकारीपदाची वाट खुली आहे. सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. गावात राहिल्याने शिक्षण थांबत नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो. पालकांच्या बैठकीत हे सहसा कोणी सांगत नाही.

धाराशिव एकटे नाही. परभणीत २०२३ मध्ये, जालना व हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय महाविद्यालये सुरू झाली आणि मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयाला अध्यापक हवे आहेत. शिकविणारेच अपुरे असतील, तर दत्तक कुटुंबांच्या भेटीला विद्यार्थ्यांबरोबर जाणार कोण, हा प्रश्न इमारतीच्या प्रश्नाइतकाच निकडीचा आहे. धाराशिवच्या पहिल्या तुकडीची साडेचार वर्षे २०२७ मध्ये भरतात. त्यानंतर एक वर्ष आंतरवासितेचे आणि मग बंधपत्राचे.