स्वार विसरले, सायकली उरल्या

आमच्या गोंदियांत जुनी मंडळी एकत्र जमलीं कीं सायकलींचा विषय हटकून निघतो. कोणी रॅलेचें गुणगान करतो, कोणी हर्क्युलिसचें. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून वडिलांच्या सायकलीच्या दांडीखालून एक पाय घालून आम्ही जी ‘कैंची’ चालविली, तिच्या आठवणीनें आजहि गुडघे चुरचुरतात! सायकलींचीं नांवें अशीं मुखोद्गत. स्वारांचीं मात्र नाहींत.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण, इराक, सीरियाचें वाळवंट, आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान, चीन अशी सुमारें ७१,००० किलोमीटरांची मजल मारून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले ते तिघेच : अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. साडेचार वर्षें, आणि तींहि खडकाळ, वाळूच्या वाटांवर!

वर्गांत मीं मॅगेलन वर्षानुवर्षें शिकविला. या तिघांचें नांव एकदांहि घेतलें नाहीं. पाठ्यपुस्तकांत तें नव्हतें, ही सबब खरी आहे. पण तेवढ्यानें माझें समाधान होत नाहीं.