दोन जेवणांमधली भूक : मुंबईच्या गिरणगावातील मधल्या वेळच्या खाण्याचा इतिहास

दोन जेवणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा लागणारी भूक आणि काहीतरी तोंडात टाकण्याची अनिवार इच्छा या गोष्टींचा विचार बहुधा आहारशास्त्राच्या किंवा व्यक्तीच्या संयमाच्या अंगाने केला जातो. मात्र मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी आणि भायखळा या परिसरातील कापड गिरण्यांच्या व चाळींच्या वस्तीत, सुमारे सव्वाशे वर्षे या भुकेला कामाचे तास, पगार, निवारा आणि जात यांनी जो आकार दिला, तो पाहिल्यास तिचा एक सामाजिक इतिहासही असल्याचे ध्यानात येते. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेली ताडदेवची पहिली कापड गिरणी 1856 मध्ये सुरू झाली आणि 1920 च्या दशकापर्यंत या उद्योगात सुमारे दीड लाख माणसे काम करू लागली. या माणसांनी दिवसभराची भूक कशी निभावली, हे पाहताना उपायांचे दोन वर्ग करावे लागतात : भूक तात्पुरती दडपणारे आणि ती प्रत्यक्ष भागवणारे.

गिरण्यांमधील बहुसंख्य कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून, विशेषतः साताऱ्याकडून आलेले होते. गावाकडे शेतकऱ्याच्या खाण्याच्या वेळा कामाच्या ओघात ठरत असत. कोकणात सकाळी तांदळाची किंवा नाचणीची पेज पिऊन माणूस शेतावर जाई, तर देशावर भाकरी, कांदा आणि चटणी फडक्यात बांधून नेलेली शिदोरी बांधावर सोडली जाई. नांगर किंवा मोट थांबवून खाण्याची वेळ ठरवणे बहुतांशी काम करणाऱ्याच्या हाती असे. पीक बुडाले की पुरेसे अन्न मिळत नसे, हे खरे. परंतु अन्न असताना ते केव्हा खावे, यावर बाहेरचे बंधन फारसे नव्हते. गिरणीने नेमका हा क्रम उलटवला, कारण रोख पगारामुळे धान्य विकत घेणे शक्य झाले, पण ते खाण्याची वेळ भोंग्याच्या ताब्यात गेली.

विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या साधारणतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबत असे. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने केवळ सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कामाचे नऊ तास आणि एक तासाची विश्रांती ठरवून दिली. प्रौढ कामगारांविषयी त्यात मर्यादा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये झालेल्या सभांतून जो अर्ज सरकारकडे गेला, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाची सुटी मिळावी, अशी स्पष्ट मागणी होती. कामगार चळवळीच्या इतिहासात रविवारच्या सुटीला योग्य ते महत्त्व मिळाले आहे. तथापि अर्ध्या तासाची मागणी तितकीच मूलभूत होती, कारण ती नसताना कामगाराला चालू यंत्राशेजारी, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत, आळीपाळीने घास घ्यावे लागत. 1891 च्या सुधारित कायद्याने दुपारी अर्धा तास यंत्रे थांबवण्याची आणि आठवड्याच्या सुटीची तरतूद केली, मात्र प्रौढ पुरुषांच्या एकूण तासांना हात लावला नाही. त्यानंतर 1905 च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि काही गिरण्यांतील कामाचा दिवस सूर्यास्ताच्याही पलीकडे ताणला गेला. या वाढीव तासांविरुद्ध असंतोष उसळला आणि पुढे 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली.

या काळात मालकांची एक तक्रार चौकशी समित्यांसमोर वारंवार येत असे, ती म्हणजे कामगार यंत्र सोडून आवारात रेंगाळतात, विडी ओढतात, खातात आणि गप्पा मारतात. कामगाराच्या बाजूने पाहिल्यास हे रेंगाळणे म्हणजे कायद्याने न दिलेली विश्रांती स्वतःच तुकड्यातुकड्यांनी मिळवण्याचा मार्ग होता. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते समजण्यासारखे आहे. पोट रिकामे होताच भूक लागते, इतके ते साधे नसते. 1999 मध्ये शोध लागलेले ग्रेलिन हे संप्रेरक, म्हणजे जठरातून स्रवून मेंदूला भुकेचा संदेश देणारे द्रव्य, जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढते आणि जेवणानंतर उतरते. ज्याच्या जेवणाची वेळ पाळीप्रमाणे बदलत राहते, झोप अपुरी होते आणि अंगमेहनत मात्र तेवढीच राहते, त्याला अवेळी आणि पुन्हा पुन्हा भूक लागणे स्वाभाविक ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रात्रपाळी सर्रास झाली, तेव्हा एकाच खोलीत भाड्याने राहणारे पुरुष पाळीनुसार आळीपाळीने झोपत आणि आळीपाळीनेच जेवत. दिवसातील कोणताही एक प्रहर संपूर्ण वस्तीच्या जेवणाचा असा उरला नाही.

भूक दडपणाऱ्या उपायांत तंबाखू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रचलित होती. कापसाला आग लागण्याच्या भीतीने खात्यांमध्ये विडी ओढण्यास मनाई असल्यामुळे तळहातावर चुन्याबरोबर मळलेली तंबाखू गालात धरण्याची सवय पसरली, तर स्त्रियांमध्ये तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची चाल होती. तंबाखूतील निकोटीन भुकेची जाणीव काही काळ बोथट करते आणि थकव्यातही तरतरी आल्याचा भास निर्माण करते, त्यामुळे सुटी होईपर्यंतचा वेळ ढकलण्यास तिचा उपयोग होई. तिची किंमत मात्र पुढे दात, हिरड्या आणि तोंडाचा कर्करोग या रूपाने चुकती करावी लागे.

चहाचा प्रसार याच पोकळीत झाला. चहा ही मुंबईच्या कष्टकऱ्याची मूळची सवय नव्हती. 1903 मध्ये निर्यातीवर उपकर बसवून उभारलेल्या निधीतून भारतात चहाचा पद्धतशीर प्रचार करण्यात आला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखाने, खाणी व गिरण्या यांच्या परिसरात चहाची दुकाने उघडण्यावर भर देण्यात आला. भरपूर साखर घातलेल्या चहातून थोडी ऊर्जा मिळे, त्यातील कॅफिनमुळे ग्लानी जाई आणि इराण्याच्या हॉटेलातील पावाचा तुकडा त्यात बुडवला की तासाभराचा आधार होई. पुरेशा न्याहारीची जागा मात्र तो घेऊ शकत नव्हता, आणि म्हणूनच एका कपाचे दिवसाकाठी चार-पाच कप होत गेले.

या वर्गातील सर्वांत दुःखद उपाय तान्ह्या मुलांवर केला जात असे. सूत गुंडाळण्याच्या आणि लडी भरण्याच्या खात्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना मूल घरी ठेवून यावे लागे, आणि आईच्या अनुपस्थितीत ते भुकेने रडू नये म्हणून त्याला बाळगोळी, म्हणजे अफूचा अंश असलेली लहान गोळी, दिली जाई. 1920 च्या दशकातील वैद्यकीय पाहण्यांनी ही प्रथा उजेडात आणली. त्यानंतरच्या काळात गिरण्यांतील पाळणाघरांचा आग्रह धरला गेला आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा संमत झाला. या विधेयकाला मुंबईच्या विधिमंडळात पाठिंबा देणाऱ्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळगोळीमुळे मुलाची भूक मुळीच कमी होत नव्हती, केवळ त्याचे रडणे थांबत होते.

प्रत्यक्ष भूक भागवणाऱ्या पदार्थांत चणे, कुरमुरे आणि शेंगदाणे यांचे स्थान पहिले होते. तापलेल्या वाळूत धान्य भाजून विकणारे भडभुंजे प्रामुख्याने उत्तर भारतातून आलेले असत, आणि गिरणीच्या दरवाजाबाहेर कागदाच्या पुडीत मिळणारा त्यांचा माल शिजवावा लागत नसे, लवकर विटत नसे आणि चालता चालता खाता येत असे. भाजलेल्या चण्यांत प्रथिने आणि तंतुमय अंश भरपूर असल्याने ते सावकाश पचतात व पोट अधिक वेळ भरलेले वाटते. आजचा आहारतज्ज्ञ मधल्या वेळेसाठी जे सुचवतो, ते गिरणगावाने निव्वळ परवडते म्हणून स्वीकारले होते. या पसंतीला जातीचीही एक बाजू होती. विणाई खात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने उष्ट्याच्या व विटाळाच्या कल्पनेतून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या चांगल्या पगाराच्या कामापासून दूर ठेवले जाई, आणि पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी असत. शिजवलेल्या अन्नावर असलेले असे निर्बंध कोरड्या भाजलेल्या धान्याच्या बाबतीत बरेच सैल असत, त्यामुळे चण्यांची पुडी एकमेकांत वाटून खाणे तुलनेने सोपे होते.

दिवसाची खरी बेगमी मात्र खानावळीत होई. कुटुंब गावी ठेवून आलेला पुरुष बहुधा आपल्याच गावच्या किंवा जातीच्या स्त्रीकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत असे, आणि दोन वेळचे जेवण, पगार होईपर्यंतची उधारी व पाळीप्रमाणे डबा अशी ही व्यवस्था होती. एकट्या पुरुषाला चुलीशिवाय मिळणारे हे भरपेट व भरवशाचे अन्न हाच मधल्या भुकेवरील सर्वांत परिणामकारक उपाय होता, कारण पुढचे जेवण नक्की मिळणार आहे, याची खात्री असलेला माणूस दिसेल ते खाण्याच्या मागे कमी लागतो. संपाच्या काळात पगार थांबला तरी खानावळवालीची उधारी चालू राहत असल्याने संप टिकण्यातही तिचा वाटा असे. त्या उधारीचा बोजा मात्र तिच्यावर पडे आणि किराणा भरण्यासाठी तिला सावकाराचे चढे व्याज द्यावे लागे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून अशा स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा गिरणगावाला जेवू घालणाऱ्या या श्रमाची प्रथमच सार्वजनिक नोंद झाली, असे म्हणता येते.

हे जेवण किती पुरेसे होते, या प्रश्नावर 1920 च्या दशकात मोठा वाद झाला. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने 1921-22 मध्ये श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, आणि फिंडले शिराझ यांनी 1923 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा निष्कर्ष निघाला की, कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी संहितेने ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके असले, तरी मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यांसाठी नेमून दिलेल्या धान्यापेक्षा कमी होते. निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर करूनही ही स्थिती असेल, तर गिरणीच्या फाटकाबाहेरची चणे-चहाची गर्दी चैनीची मानता येत नाही. शिवाय चहा आणि पुडीवर होणारी पैशा-दोन पैशांची रोजची खरेदी कुटुंबाच्या मासिक हिशेबात नेमकी पकडणे अवघड असल्यामुळे, कामगाराने भुकेवर केलेला एकूण खर्च अशा आकड्यांतून पूर्णपणे दिसतोच असे नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या फॅक्टरी कायद्याने कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तास ठेवली, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह काढण्यास लावण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. मधल्या वेळच्या खाण्याला त्यामुळे गिरणीच्या आत अधिकृत जागा मिळाली. बाहेर मात्र वेगळाच पदार्थ घडत होता. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केलेल्या गाडीला सामान्यतः वडापावाच्या जन्माचे श्रेय दिले जाते. त्याच सुमारास इतर विक्रेत्यांनीही तो विकला असल्याचे दावे आहेत. मराठी घरातला बटाटेवडा आणि पोर्तुगीज संपर्कातून आलेला, मुंबईत गोव्याच्या बेकरीवाल्यांनी रुजवलेला पाव यांचा हा संयोग पाळी सुटल्यावर लोकल गाडी पकडणाऱ्यासाठी सोयीचा होता, कारण त्याला ताट, चमचा किंवा बसायला जागा लागत नव्हती. गरम, तळलेला आणि तिखट असा हा पदार्थ ताबडतोब समाधान देतो. मात्र मैदा आणि बटाटा यांतील पिष्ट लवकर पचत असल्याने ते समाधान चण्यांइतके टिकत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. बेकार झालेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी वडापाव, भजी किंवा पोळी-भाजीची विक्री सुरू केली, म्हणजे ज्या खाण्यावर कामगाराने आपला दिवस काढला होता, तेच खाणे त्याच्या उपजीविकेचे साधन बनले. गिरण्यांच्या जमिनीवर पुढे उभ्या राहिलेल्या कार्यालयांतील नोकरदारही लांबचा प्रवास, अनियमित जेवण आणि अपुरी झोप यांमुळे दुपारी चार वाजता त्याच गाड्यांकडे वळतात.

या साऱ्या इतिहासातून एक तुलना स्पष्ट होते. तंबाखू, चहा आणि बाळगोळी यांनी भूक पुढे ढकलली व तिची किंमत वाढवली. चणे आणि वडापाव यांनी ती कमी-अधिक काळ भागवली. पण ती मुळातून कमी करण्याचे सामर्थ्य फक्त कामाचे तास घटवून खाण्याची हक्काची वेळ देणाऱ्या कायद्यात आणि ठरल्या वेळी पोटभर वाढणाऱ्या खानावळीत दिसून आले. सतत खावेसे वाटणाऱ्या माणसाला संयमाचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या दोन जेवणांमध्ये किती तास जातात, त्या जेवणांत काय असते आणि ती वेळ कोण ठरवते, हे तीन प्रश्न विचारावेत, असे गिरणगावाचा अनुभव सुचवतो.