स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा काल

घरीं बसून दोन ध्वनिवर्धकांवर गाणें ऐकावें आणि कोणतें वाद्य डावीकडे, कोणतें उजवीकडे हें कानांस कळावें, अशी तबकडी १९५८ सालीं बाजारांत आली. म्हणून स्टिरिओची कल्पनाही त्याच सुमाराची, असा समज रूढ आहे. कागदपत्रांशीं तो जुळत नाहीं.

ई.एम.आय. कंपनीचा अभियंता ॲलन ब्लमलाइन यानें १४ डिसेंबर १९३१ रोजीं ब्रिटिश पेटंटासाठीं अर्ज केला. त्या पेटंटाचा क्रमांक ३९४३२५. एकाच खोबणीच्या दोन भिंती परस्परांशीं काटकोनांत ठेवून एकीवर डावा व दुसरीवर उजवा ध्वनि कोरण्याची युक्ति त्यांत नमूद आहे. १९३४ च्या जानेवारींत ॲबे रोड येथें बीचमच्या वाद्यवृंदाची मोत्सार्टकृत 'ज्युपिटर' सिंफनी त्यानें स्टिरिओ पद्धतीनें मुद्रितही केली.

१८८१ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें दोन कानांस दोन टेलिफोन लावून ऑपेरा ऐकविला, हें खरें. परंतु तेथें ध्वनि साठविलेला नव्हता, सबब तो पुरावा आम्ही येथें धरीत नाहीं.

मग इतका विलंब कां? ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खरखर फार, आणि एका बाजूस जेमतेम चार-पांच मिनिटें मावत. १९४८ सालीं कोलंबियानें ३३⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची तबकडी काढल्यावर ती अडचण सरली. १९५७ सालीं अमेरिकेंत वेस्ट्रेक्सनें दाखविलेल्या तबकडीची खोबण अशाच भिंतींची होती. त्या अभियंत्यांस ती स्वतंत्रपणें सुचली असली तरी अग्रमान ब्लमलाइनकडेच जातो, असें आमचें मत आहे. तो स्वतः ७ जून १९४२ रोजीं रडारच्या चांचणींत विमान कोसळून ३८ व्या वर्षीं वारला होता.